तोंडात हात घालण्याआधी: रेबीज, पशुवैद्य आणि आपलं उजळणी प्रशिक्षण

माणदेशी_पशुवैद्य | १४ सप्टेंबर, रात्री ९:५०

मागच्या आठवड्यात दोन दिवसांच्या उजळणी प्रशिक्षणाला जाऊन आलो. विषय रेबीज. नोकरीला वीस वर्षं झाली, या विषयावरची पाच-सहा प्रशिक्षणं तरी झाली असतील. पण या वेळी परतताना एसटीत डोळ्याला डोळा लागला नाही. अकरा वर्षांपूर्वीची एक म्हैस सारखी आठवत राहिली. तिच्याबद्दल आजवर कुठे लिहिलं नव्हतं, ते आज लिहितोय.

फेब्रुवारी महिना, ऊसतोडीचे दिवस. सकाळी वस्तीवरून फोन आला, "डॉक्टर, म्हशीच्या घशात वाढ्याचा तुकडा अडकलाय." तिसऱ्या वेताची म्हैस, व्यायला दोन महिने झालेले. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. मालक म्हणाला, "कालपासनं खाईना. पाण्यात तोंड घालतीया आन् तसंच सोडतीया." वाढे म्हणजे उसाचे शेंडे खाणारं जनावर, लाळ गळतेय, गिळता येत नाही. मी दुसरा विचारच केला नाही. आमच्या परिचर मामांनी जीभ बाहेर ओढून धरली आणि मी कोपरापर्यंत हात घातला. हातमोजे पेटीत होते, पेटी गाडीत होती. घशात काहीच लागलं नाही. कॅल्शियम लावलं आणि आलो.

दुसऱ्या दिवशी तिचा आवाज घोगरा झाला होता. सारखी हंबरत होती, कुंथत होती, मागचे पाय लटपटत होते. दूध एकदम आटलं होतं. आज हे लिहिताना प्रत्येक लक्षण ओरडून सांगतंय असं वाटतं. त्या दिवशी मात्र मी एकेक लक्षण सुटं सुटं बघत होतो.

तिसऱ्या दिवशी घरातली म्हातारी सहज बोलून गेली, "महिन्यामागं त्ये पिसाळल्यालं कुत्रं आलं हुतं न्हवं का वस्तीवर, त्येनं हिच्या नाकाडाला धरलं हुतं." मी मटकन गव्हाणीवर बसलो. तीन दिवसांत मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. म्हैस त्याच रात्री गेली.

मी, मामा, मालक आणि हाताने पाणी पाजणारा त्यांचा मुलगा, चौघांनी लशीचा पूर्ण कोर्स घेतला. माझ्या अंगठ्याचं नख दोन दिवस आधी उखडलं होतं. म्हणून लशीसोबत जखमेत द्यायचं सीरमही हवं होतं. ते तालुक्याला मिळालं नाही, जिल्ह्याला जावं लागलं. मामा म्हणत होते, "तीस वरसं जनावरांच्या तोंडात हात घालतोय, मला काय हुतंय?" त्यांना अक्षरशः हाताला धरून नेलं. चौघंही ठणठणीत आहोत.

पण ती म्हैस रेबीजनेच गेली का, हे मला आजही माहीत नाही. मेंदूचा नमुना कुणी काढलाच नाही. कवटी कशी उघडायची, कोणता भाग काढायचा, कशात ठेवायचा, कुठे पाठवायचा, यातलं मला पुस्तकापुरतं येत होतं, हाताने येत नव्हतं. खोल खड्डा घेऊन, चुना टाकून पुरली. सरकारी कागदात तिची नोंद 'मृत' एवढीच.

आता प्रशिक्षणाबद्दल. पहिला दिवस पूर्ण सभागृहात गेला: विषाणूची रचना, जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार मृत्यू, त्यातले भारतात एक तृतीयांशाहून अधिक, बळींमध्ये दहातली चार १५ वर्षांखालची मुलं, २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचा २८ सप्टेंबर २०२१ ला जाहीर झालेला राष्ट्रीय आराखडा. सगळं खरं आणि महत्त्वाचं. पण पडद्यावर चित्रं होती ती सगळी कुत्र्यांची. गाय-म्हैस एकाच स्लाइडवर येऊन गेली. तालुक्यात काम करणाऱ्या माझ्यासारख्याच्या हाताला रेबीज लागतो तो बहुतेक गोठ्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी शवविच्छेदन कक्षात नेलं. कवटी न फोडता, मानेच्या पहिल्या मणक्याच्या सांध्यातून, कवटीच्या मागच्या छिद्रातून प्लास्टिकची नळी डोळ्याच्या दिशेने सरकवून मेंदूचा नमुना कसा घ्यायचा, ते एका मॅडमनी दाखवलं आणि मग प्रत्येकाकडून करून घेतलं. मस्तिष्कस्तंभ (मेंदूचा देठ) आणि लहान मेंदू, हे दोन भाग हवेत. तो एक तास मला अकरा वर्षांपूर्वी मिळायला हवा होता.

आणि सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की त्या कक्षात एकही परिचर नव्हता. जनावराची जीभ ज्याच्या हातात असते, त्याला बोलावलंच नव्हतं.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? पशुवैद्य, पर्यवेक्षक, विद्यार्थी, डॉक्टर, गोठा असलेले, सगळ्यांनी लिहा.

---

शिवारातली_सई | १४ सप्टेंबर, रात्री १०:२५

वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे दहा गाई आहेत. एक घाबरत घाबरत विचारते. पिसाळलेल्या गाईचं दूध घरात प्यायलं गेलं असेल तर? आमच्या शेजारी दोन वर्षांपूर्वी असं झालं होतं. अख्खी आळी इंजेक्शनं घ्यायला निघाली होती, आणि ज्याने गाईला औषध पाजलं तो माणूस मात्र घरीच बसला होता.

---

डॉ_अपर्णा_प्राआकेंद्र | १४ सप्टेंबर, रात्री ११:०५

सईताई, तुम्ही शेवटी जे लिहिलंय तेच मी आरोग्य केंद्रात दर वेळी बघते. दूध प्यायलेली चाळीस माणसं रांगेत असतात आणि लाळ लागलेला एक माणूस रांगेत नसतो.

उकळलेल्या दुधाने काही होत नाही, उष्णतेने विषाणू मरतो. अशा जनावराचं दूध कच्चं मात्र पिऊ नये, आणि कुणी प्यायलं असेल तर डॉक्टरांना तसं सांगावं. धोका आहे तो लाळेत. चावा, रक्त काढणारा ओरखडा, जखमेवर किंवा चिरलेल्या कातडीवर लागलेली लाळ, डोळ्यात-तोंडात उडालेली लाळ, हे सगळं तिसऱ्या म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात येतं. रक्त न येता झालेला ओरखडा दुसऱ्या वर्गात. धडधाकट कातडीवर लाळ लागली असेल तर धुणं पुरे, लस लागत नाही. पण वीस वर्षं गोठ्यात काम केलेल्या हाताची कातडी धडधाकट आहे असं मी तरी कधी धरून चालत नाही.

धाग्यातले डॉक्टर उखडलेल्या नखाचा हात घेऊन जिल्ह्याला गेले, ते अगदी बरोबर केलं. जखमेत आणि जखमेभोवती सीरम देणं हा उपचाराचा अर्धा भाग आहे. लशीने शरीरात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, तेवढ्या काळात जखमेच्या जागी विषाणूला अडवायचं काम सीरम करतं. पहिल्या दिवशी सीरम मिळालं नाही तर लस लगेच सुरू करा, सीरम सातव्या दिवसापर्यंत देता येतं. आता सीरमऐवजी देता येणारं, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं मोनोक्लोनल (प्रयोगशाळेत बनवलेलं) प्रतिपिंडही उपलब्ध आहे.

आणि या सगळ्याआधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणं. या विषाणूला स्निग्ध आवरण असतं, साबणाने ते फुटतं. कुणीही पंधरा मिनिटं धूत नाही. घड्याळ लावून बघा, किती लांब वाटतात ती पंधरा मिनिटं. आमच्याकडे तिखट आणि चुना भरलेल्या जखमा अजूनही येतात.

सगळ्या पशुवैद्यांना एकच विचारायचंय. तुम्ही स्वतः आधीची लस घेतली आहे का? चावण्याआधीची?

---

गोठ्यातला_गणा | १५ सप्टेंबर, सकाळी ६:४०

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. नाही.

नोकरीला चौदा वर्षं झाली. मी घेतलेली नाही, आमच्या परिचरानेही नाही. कुणी नाही म्हटलं असं नाही, कुणी कधी विचारलंच नाही. गावात कुत्र्यांना लस द्यायचं शिबिर आम्हीच लावतो. माझ्या हाताने आजवर हजारभर कुत्र्यांना लस गेली असेल.

कालचा धागा रात्री दोनदा वाचला, बायकोलाही वाचून दाखवला. ती एवढंच म्हणाली, "कुत्र्यांना देता तीच तुम्ही का घेत नाही?"

---

डॉ_अपर्णा_प्राआकेंद्र | १५ सप्टेंबर, सकाळी ७:१५

तीच नाही हं, माणसांची वेगळी असते. :) पण वहिनींचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे.

गणादादा, आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ही आधीची लस तीन वेळा घेतात: शून्याव्या म्हणजे पहिल्या डोसच्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून दोन दिवसांचं, शून्य आणि सातचं वेळापत्रकही मान्य केलं आहे. कातडीत दिली तर अगदी थोडी लस लागते, ०.१ मिली. दहा-बारा जण एकाच दिवशी आले तर एकही कुपी वाया जात नाही, म्हणून गटाने या.

याचा फायदा काय तो सांगते. पुढे कधीही चावा झाला किंवा लाळ लागली तर फक्त दोन डोस, शून्य आणि तिसऱ्या दिवशी. सीरम लागतच नाही. म्हणजे जिल्ह्याला धावायला नको. ज्या तालुक्यात सीरम मिळत नाही तिथल्या माणसाने तर ही लस आधीच घ्यायला हवी. धुणं मात्र तेव्हाही चुकत नाही.

सतत संपर्कात असणाऱ्यांनी रक्तातली प्रतिपिंडंही अधूनमधून तपासावीत. मिलिलिटरमागे ०.५ आंतरराष्ट्रीय एककांच्या खाली गेली तर एक वाढीव डोस.

---

काजरघाट | १५ सप्टेंबर, दुपारी १:३०

मी मूळचा सावंतवाडीचा, पशुवैद्य. काही काळ गोव्यात कुत्र्यांना लस देणाऱ्या 'मिशन रेबीज' संस्थेच्या लसीकरण पथकात होतो. प्रशिक्षणाचा विषय निघालाच आहे तर तिथलं लिहितो, कारण शिकवण्याची खरी पद्धत मी तिथे पाहिली.

आसगावला प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे पहिल्याच दिवशी हातात जाळी दिली. भटकं कुत्रं पकडायचं कसं, जाळीतच लस टोचून, रंगाचा पट्टा ओढून अर्ध्या मिनिटात सोडायचं कसं, हे पकडणाऱ्या मुलांनी आम्हाला शिकवलं. डॉक्टरला पकडणाऱ्याने शिकवायचं! सुरुवातीला अवघड वाटलं, पण चार दिवसांत कळलं की कुत्र्याच्या कानांची आणि शेपटीची भाषा त्या मुलांना आमच्यापेक्षा जास्त कळते. कुत्र्याच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येकाने लस आधी घ्यायची, मग डॉक्टर असो, पकडणारा असो की गाडीचा चालक.

प्रत्येक कुत्र्याची नोंद जागच्या जागी मोबाइलवर. मग त्याच वाड्यावर पुन्हा फेरी मारून रंग लागलेली किती आणि न लागलेली किती ते मोजायचं. ७० टक्क्यांना रंग लागलेला नसला तर पथक पुन्हा त्या वाड्यावर. कुत्र्यांमधली साखळी तुटायला तेवढी लागतातच. अर्ध्यावर थांबलो तर पैसाही गेला आणि रेबीजही राहिला.

गोव्यात २०१३ ते २०१९ या काळात काय झालं ते २०२२ मध्ये शोधनिबंधात आलंय. वर्षाला ९५ हजारांवर कुत्री, दरवर्षी दीड लाख मुलांपर्यंत शाळेतले धडे, कुत्र्यांमधल्या रेबीजची महिन्याची संख्या ९२ टक्क्यांनी खाली, आणि २०१८, २०१९ मध्ये माणसाचा एकही मृत्यू नाही. २०२१ मध्ये राज्य 'रेबीज नियंत्रित' जाहीर झालं. लहान राज्य आहे म्हणून जमलं असं म्हणतात. लहान आहे हे खरं, पण कुत्री तिथलीही आपल्यासारखीच, मासळी बाजारात झोपणारी.

आणि एक. संशयित कुत्र्याचा फोन आला की पथक जायचं, नमुना घ्यायचं, तपासायचं. पॉझिटिव्ह आला की त्या भागात पुन्हा लसीकरण, आणि चावलेल्या माणसांचा शोध. माणदेशी डॉक्टरांच्या म्हशीचा नमुना गेला असता तर वस्तीवरच्या बाकी कुत्र्यांकडेही कुणीतरी गेलं असतं.

---

माळरान | १५ सप्टेंबर, रात्री ८:१०

माझं मत पटणार नाही कदाचित, पण मांडतो. माझ्या पुतणीला गेल्या वर्षी शाळेच्या वाटेवर कुत्र्याने फाडली. पायाला नऊ टाके. ती अजून एकटी शाळेत जात नाही. लसीकरण, प्रशिक्षण वगैरे ठीक आहे, पण कुत्रीच कमी करा ना.

---

काजरघाट | १५ सप्टेंबर, रात्री ९:००

माळरान, पुतणीबद्दल वाईट वाटलं. नऊ टाक्यांच्या जखमेपुढे आकडे मांडणं बरं वाटत नाही, तरी सांगतो.

संख्या कमी व्हायला हवी यात वाद नाही, नसबंदी त्यासाठीच आहे. पण एका गल्लीतली कुत्री उचलली की कचरा तिथेच असतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत बाजूच्या गल्लीतली येतात. ती लस न घेतलेली असतात. लस घेतलेलं कुत्रं जागेवर असणं म्हणजे त्या गल्लीला कुंपण आहे. दोन्ही कामं हातात हात घालून व्हायला हवीत, आणि कचराही उचलायला हवा. पुतणीच्या वाटेवरची कुत्री लस घेतलेली आहेत का, हे ग्रामपंचायतीला विचारा. हा प्रश्न कुणी विचारत नाही.

---

शेवटच्या_वर्षाची | १५ सप्टेंबर, रात्री ११:४०

मी पशुवैद्यक पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजचं नाव सांगत नाही. आम्हाला रेबीज तीन विषयांत येतो: सूक्ष्मजीवशास्त्रात, औषधवैद्यकात आणि सार्वजनिक आरोग्यात. नेग्री बॉडीज (रेबीज झालेल्या मेंदूच्या पेशींत दिसणारे ठिपके) कुणी शोधल्या, कधी शोधल्या (१९०३), हे झोपेतही सांगू शकते. पण संशयित मेंदू फॉर्मॅलिनमध्ये ठेवला की फ्लुरोसंट प्रतिपिंड चाचणीसाठी, म्हणजे रेबीजची खात्री करणाऱ्या तपासणीसाठी, वाया जातो, हे मला कळलं ते इंटर्नशिपला गेलेल्या सीनियरने एक नमुना वाया घालवल्यावर.

लस आमच्या बॅचमध्ये ज्यांच्या घरच्यांनी आग्रह धरला त्यांनीच घेतली. मी घेतली, कारण आई नर्स आहे. माझ्या रूममेटने घेतली नव्हती. क्लिनिकमध्ये एका मांजरीने तिला ओरबाडलं आणि पुढचे दहा दिवस आम्ही दोघी ती मांजर जिवंत आहे का ते बघायला रोज जायचो. मांजर जगली. तिने लशीचे डोस पहिल्या दिवसापासून सुरू केले होतेच, तरी ते दहा दिवस विसरणार नाही.

एक शंका आहे. हे दहा दिवस निरीक्षणाचं गाय-म्हशींनाही लागू होतं का?

---

माणदेशी_पशुवैद्य | १६ सप्टेंबर, सकाळी ५:५५

नाही. फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. दहा दिवसांचा नियम कुत्र्या-मांजरांचा. लाळेत विषाणू येऊ लागल्यावर ती दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरतात, हे अभ्यासातून ठाऊक आहे म्हणून तो नियम आहे. गाय, म्हैस, घोडा, कोल्हा, मुंगूस यांना तो लावायचा नाही. तिथे संशय आला की माणसाचे उपचार लगेच सुरू, वाट बघणं नाही. कुत्र्याच्या बाबतीतही दहा दिवस थांबून मग लस, असं कुणी करू नये. लस सुरू करायची, कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर पुढचं डॉक्टर ठरवतील.

नमुन्याबद्दल लिहिलंत ते बरं झालं. आम्हाला शिकवलं ते असं: ताजा मेंदू, फॉर्मॅलिन नाही. बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत, उशीर होणार असेल तर ग्लिसरॉल-सलाइनमध्ये. डबल हातमोजे, चष्मा, मास्क, रबरी ॲप्रन. बाटली पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती बर्फाच्या डब्यात, वर चिठ्ठी. आणि ज्याने आधीची लस घेतलेली नाही त्याने नमुना काढायलाच जायचं नाही. वाचून कुणी करायला जाऊ नका, कुणाकडून तरी हाताने शिका.

गोठेवाल्यांसाठी एक वेगळं सांगतो. जनावराला पिसाळलेलं कुत्रं चावल्याचं कळलं तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. जखम साबणाने धुवायची आणि शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस अशी लस सुरू करायची. लक्षणं दिसल्यावर मात्र कुठलंच औषध नाही. त्या जनावराला वेगळं बांधा, तोंडात हात घालू नका, पाणी बादलीने पुढे सरकवा. माझ्या त्या म्हशीला चावल्या दिवशी कुणी कळवलं असतं तर ती कदाचित वाचली असती. पण 'कुत्रं चावलं तर कळवा' हे मीही त्या वस्तीवर जाऊन कधी सांगितलं नव्हतं.

आता मी लाळ गळणारं कुठलंही जनावर बघायला गेलो की गोठ्यात शिरण्याआधी अंगणातच विचारतो: गेल्या दोन-चार महिन्यांत कुत्रं, कोल्हं आलं होतं का? मालकालाही विचारतो आणि घरातल्या बायकांनाही. बहुतेक वेळा त्यांनाच माहीत असतं. मग हातमोजे. घशात अडकलंय, घटसर्प आहे, लाळ्या-खुरकूत आहे की दुधी ताप, हे त्यानंतर.

---

ह्यूस्टनची_मुक्ता | १६ सप्टेंबर, सकाळी ८:२०

धागा वाचतेय आणि मुंबईत परळच्या पशुवैद्यक कॉलेजातले दिवस आठवतायत. आता इथे टेक्सासमध्ये लहान प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते.

इथे कुत्र्यांमधून पसरणारा रेबीज संपलाय, तरी वटवाघळं, रकून, स्कंक यांच्यात आहेच. नव्वदच्या दशकात दक्षिण टेक्सासमध्ये कोयोटींमधून (कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) साथ पसरली होती, तेव्हा १९९५ पासून विमानातून लशीचे आमिषगोळे टाकायला सुरुवात झाली. ते काम अजून चालू आहे.

आमच्याकडे रिसेप्शनवरच्या मुलीपासून पिंजरे धुणाऱ्यापर्यंत, प्राण्याला हात लागू शकतो अशा सगळ्यांना आधीची लस देतात. परवाना चालू ठेवायला दर वर्षी ठरावीक तास शिक्षण पूर्ण करावं लागतं. त्यातले बरेच तास पडद्यासमोर बसूनच जातात, हे इथेही खरंच. पण एक चांगली पद्धत आहे. वर्षातून एकदा आम्ही दवाखान्यातच रंगीत तालीम करतो. समजा आत्ता एक संशयित मांजर आलं, तिने टेक्निशियनला चावलं, तर पहिला फोन कुणाला, धुणार कुठे, कागद कुठला? पहिल्या वर्षी कुणालाच सिंकजवळ साबण सापडला नव्हता. हे करायला पैसे लागत नाहीत, एक दुपार लागते.

---

गोठ्यातला_गणा | १६ सप्टेंबर, रात्री ९:३०

मुक्ताताई, आज आमच्या दवाखान्यात तुमची रंगीत तालीम केली. साबण होता, पण नळाला पाणी सकाळी आठ ते नऊच येतं. आता एक पिंप भरून ठेवलंय, तोटीवालं. त्यावर कागद चिकटवलाय: 'पंधरा मिनिटं'.

---

डॉ_अपर्णा_प्राआकेंद्र | १७ सप्टेंबर, दुपारी २:४५

गणादादा, 👏

यावरून आठवलं म्हणून पशुवैद्य मंडळींना एक विनंती. तुम्हाला संशयित जनावर दिसलं तर आम्हाला फोन करा. लेखी पत्र नंतर येऊ दे. आणि आमच्याकडे चावलेला माणूस आला की आम्ही तुम्हाला फोन करतो, कुत्रं कुणाचं, कुठे आहे ते बघायला. एकाच तालुक्यात तुमचा दवाखाना आणि आमचं केंद्र शंभर पावलांवर असतं आणि वर्षानुवर्षं एकमेकांचे नंबर नसतात. माझ्याकडेही कालपर्यंत नव्हता. आज जाऊन घेतला. तिथल्या डॉक्टरांनी चहा दिला आणि कळलं की गेल्या महिन्यात माझ्याकडे आलेली तीन माणसं आणि त्यांच्याकडे आलेली एक शेळी यांना एकच कुत्रं चावलं होतं.

---

शिवारातली_सई | १७ सप्टेंबर, रात्री ८:५०

अरे देवा. मग पुढे?

---

डॉ_अपर्णा_प्राआकेंद्र | १७ सप्टेंबर, रात्री ९:१०

तिन्ही माणसांचे डोस चालू आहेत. पण चौथा एक मुलगा होता, ओरखडाच आहे म्हणून घरी राहिलेला. तो त्या शेळीच्या मालकाच्या सांगण्यातून सापडला. त्याचा आज पहिला डोस झाला.

---

माणदेशी_पशुवैद्य | २२ सप्टेंबर, रात्री १०:१५

चार-पाच दिवस इथे येता आलं नाही, कारण सांगतो.

तालुक्यातल्या सगळ्या दवाखान्यांच्या परिचरांची आणि पर्यवेक्षकांची यादी केली. सतरा जण. ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना भेटलो, अपर्णाताईंनी लिहिलेलं गटाचं गणित त्यांना सांगितलं. त्यांनी आजचा दिवस दिला. सतरापैकी चौदा आले. दोघांना ताप होता, एकाची बहीण वारली होती, त्यांचं पुढच्या आठवड्यात.

लस झाल्यावर सगळ्यांना आमच्या दवाखान्यात बसवलं आणि दोन तास बोललो. स्लाइड नव्हत्या. म्हशीची गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना निवृत्त झालेले आमचे मामाही शेजारी बसले होते. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी सगळ्यांना दाखवलं, जीभ कशी धरायची. आणि मग म्हणाले, "पर आता मोजं घालून. आन् आधी इचारून."

त्यांच्या बोलण्याचा जेवढा परिणाम झाला तेवढा माझ्या बोलण्याचा झाला नसता.

प्रशिक्षण भरवणाऱ्या कार्यालयाला पत्रही लिहिलं: पुढच्या वेळी प्रत्येक पशुवैद्यासोबत त्याच्या दवाखान्यातला एक परिचर बोलवा आणि सभागृहातला एक दिवस कमी करून शवविच्छेदन कक्षातला एक वाढवा. उत्तर आलं की कळवतो.

---

शेवटच्या_वर्षाची | २३ सप्टेंबर, रात्री १२:०५

सर, तुमचा हा प्रतिसाद आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकला तर चालेल का? ज्यांनी लस घेतली नाही अशा एकवीस जणांची यादी आम्हीही केलीय. वॉर्डन मॅडम तयार आहेत.

---

माणदेशी_पशुवैद्य | २३ सप्टेंबर, सकाळी ६:१०

जरूर टाका. कुठे अडलं तर लिहा.

---

गोठ्यातला_गणा | २८ सप्टेंबर, रात्री ९:२०

आज जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चरची पुण्यतिथी. शाळेत कार्यक्रम झाला. मुलांना पंधरा मिनिटं हात धुवायला लावले. पहिली दोन मिनिटं हसत होती, मग कंटाळली, मग मोजायला लागली.

आमच्या तालुक्यातही डॉक्टरांसारखंच केलं, नऊ जण झालो. माझा पहिला डोस २२ तारखेलाच झाला, माणदेशी डॉक्टरांच्या माणसांबरोबरच, फक्त वेगळ्या जिल्ह्यात. उद्या सातवा दिवस. साडेआठला निघायचंय. बायकोने कॅलेंडरवर गोल करून ठेवलाय, आणि एकविसाव्या दिवसावरही.